शब्द दिला तो कुणाला? जळगावच्या एका टेबलावर ‘लॉफुल’ आणि ‘केऑटिक’वरून झालेल्या वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगावात एका फ्लॅटच्या हॉलमध्ये दर दुसऱ्या रविवारी दुपारी दोन ते सहा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांच्या आधाराने गोष्ट पुढे नेण्याचा खेळ चालतो. एक डीएम (गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निकाल देणारा) आणि चार खेळाडू. डीएम शाळेत शिकवतात, त्यामुळे सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. एक खेळाडू अमळनेरहून गाडीने येतो, एक भुसावळचा, उरलेले दोघं गावातलेच. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आणि घटना घडली तेव्हा पात्रं पाचव्या लेव्हलला होती. खेळाडूंची ओळख उघड होऊ नये म्हणून पुढे त्यांना पात्राच्या वर्गानेच संबोधलं आहे: पॅलाडिन (शपथेने बांधलेला धर्मयोद्धा), ड्रुइड (निसर्गाचे मंत्र जाणणारा), फायटर (लढवय्या) आणि चोरटी. ‘रोग’ हा मूळ शब्द या टेबलावर चालत नाही, कारण मराठी कानाला तो आजार वाटतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ती चोरटीच.

सरांनी मोठ्या मेहनतीने कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा तक्ता, मराठीत करून घेतली होती. ए-फोर कागदाच्या झेरॉक्स, सगळे रकाने मराठीत. त्यात अलाइनमेंटचा, म्हणजे पात्राच्या वृत्तीचा रकाना होता: लॉफुल की केऑटिक, आणि चांगलं की वाईट. तिथे ‘लॉफुल गुड’ झालं ‘कायदेशीर सज्जन’ आणि ‘केऑटिक गुड’ झालं ‘अराजक सज्जन’. या दोन शब्दांनी पुढे काय केलं ते ओघात येईलच.

खेळातला मुलूख तापीकाठचा, पण कल्पनेतला. नदीवरच्या किल्ल्यासाठी सरांनी थाळनेर डोळ्यांसमोर ठेवलं होतं. सलग दोन वर्षं पाऊस नाही, गावं उपाशी, आणि किल्ल्यात जमिनीखालच्या पेवांमध्ये ज्वारी भरलेली. पुढे जायचा घाट किल्लेदाराच्या ताब्यात. पॅलाडिनने त्याच्याशी सौदा केला: किल्लेदाराने घाटातून जायचं दस्तक द्यायचं आणि अमावास्येपर्यंत आपल्यापैकी कुणीही पेवांना हात लावणार नाही असा शब्द पॅलाडिनने द्यायचा. शब्द देताना खेळाडूने छातीवर हात ठेवून अहिराणीत सांगितलं, “मना शबद शे.” टेबलावर सगळ्यांना ते आवडलं होतं.

प्रसंग

अमावास्येला चार दिवस उरले होते. चोरटी आणि ड्रुइडने रात्री पेव फोडायचं ठरवलं. बेत चांगला होता आणि नियमांचा पक्का अभ्यास करून आखलेला होता. चोरटीची ताकद १०, म्हणजे तिला १५० पौंड, साधारण ६८ किलो, वाहता येतात. अंगावरचं सामान धरलं तर ५० किलोचं एकच पोतं. म्हणून ड्रुइडने वाइल्ड शेपने खेचराचं रूप घेतलं. खेचराची वहनक्षमता ४२० पौंड, म्हणजे १९० किलो, म्हणून एका खेपेला तीन पोती. पाचव्या लेव्हलला ते रूप दोन तास टिकतं. त्याआधी ड्रुइडने ‘पास विदाउट ट्रेस’ हा मंत्र लावला. रूप बदलल्यावर नवीन मंत्र टाकता येत नाही, पण आधी टाकलेल्यावरचं लक्ष टिकतं. त्याने स्टेल्थला, म्हणजे लपून वावरण्याच्या फाशाला, १० ची भर पडते आणि ते तासभर चालतं. दोन खेपा, सहा पोती, तासाच्या आत.

इथे सरांनी फासा टाकायला सांगितलाच नाही. पहाऱ्यावर पॅलाडिन होता आणि त्याचा पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न शोधता लक्षात येण्याचा आकडा) ११. चोरटीचा स्टेल्थ एरवीच अधिक १०, मंत्रासकट अधिक २०. खेचराचा फासा अगदी १ पडला असता तरी बेरीज ११ आली असती. म्हणजे नियमाने पॅलाडिनला काही दिसण्याची शक्यता जवळपास नव्हती. सरांनी सरळ जाहीर केलं, “तुला दिसतंय. चोरटी पेवाच्या तोंडाशी आहे, शेजारी खेचर. काय करतोस?”

पॅलाडिन गप्प राहिला.

सकाळी किल्लेदाराने विचारलं, पेवाला कुणी हात लावला? पॅलाडिन म्हणाला, “मी हात लावलेला नाही.” लगेच सरांनी निकाल दिला: शपथ मोडली. डिव्हाइन स्माइट (घावाला दैवी जोर) बंद, चॅनल डिव्हिनिटी (शपथेची खास शक्ती) बंद, ले ऑन हँड्सचे (हात ठेवून बरं करण्याचे) २५ पॉइंट शून्य. प्रायश्चित्ताची मोहीम पुरी होईपर्यंत हे सगळं बंद राहणार.

“सर, मी काय करायला हवं होतं? पोरांना उपाशी ठेवायचं?”

“तू कायदेशीर आहेस. कायदा मोडताना बघितलंस आणि बोलला नाहीस.”

तेवढ्यात चोरटी म्हणाली, “दादा, म्हणून मी अराजक घेतलंय. मला काहीही करता येतं.” हे वाक्य फायटरला लागलं. आधीच्या तीन सेशनांत याच कारणाखाली तिने सोबत्यांच्या पिशव्यांमधून हीलिंग पोशन (जखमा भरणारी औषधं) उचलली होती आणि त्यातली दोन फायटरची होती. पुढची चाळीस मिनिटं खेळ झालाच नाही. त्यानंतरच्या रविवारी पॅलाडिन आणि फायटर आले नाहीत.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहिलं तर हा हट्टी डीएम आणि दुखावलेला खेळाडू यांचा वाद वाटतो. आमच्या मते तो भाग छोटा होता. खरी अडचण अशी की टेबलावर ‘लॉफुल’ हा शब्द एकच होता, पण प्रत्येकाच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळ्या काळातला होता. या खेळात तो अर्थ सरकत आलेला आहे.

१९७४ च्या पहिल्या नियमांत लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस एवढेच तीन शब्द होते, आणि ते स्वभावापेक्षा बाजू सांगायचे. युद्धात तुम्ही कुठल्या पक्षाला आहात, एवढाच अर्थ. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या अद्भुत कथांमध्ये नियम आणि अनागोंदी या विश्वाच्या दोन शक्ती म्हणून झुंजतात. कल्पना तिथून आली. फेब्रुवारी १९७६ मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष मांडला आणि १९७८ च्या खेळाडू-पुस्तकात दोन्ही अक्षांवर तीन-तीन, अशा नऊ चौकटींचा तक्ता आला. पॅलाडिनला सर्वात कडक वागणूक त्याच पुस्तकात आहे. जाणूनबुजून केऑटिक कृत्य केलं, तर सातव्या किंवा त्यावरच्या लेव्हलच्या लॉफुल गुड क्लेरिककडे (पुरोहिताकडे) कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून वाईट कृत्य केलं, तर पॅलाडिनपण कायमचं गेलं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीतही पॅलाडिन लॉफुल गुडच असावा लागे आणि आचारसंहिता ढळढळीत मोडली की शक्ती जात. २००८ मध्ये चौकटी पाचवर आल्या. २०१४ मध्ये पुन्हा नऊ झाल्या, पण तोपर्यंत त्यांचा नियमांशी संबंध जवळपास तुटला होता. पॅलाडिनला बांधते ती त्याची शपथ, अलाइनमेंटचा रकाना नव्हे.

सर जुन्या नियमांवर वाढलेले होते आणि त्यांनी दिलेली शिक्षा तिसऱ्या आवृत्तीतली होती. पॅलाडिन २०१४ ची शपथ वाचून खेळत होता. चोरटीला नऊ चौकटी माहीत होत्या त्या मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांतून, जिथे केऑटिक म्हणजे मनाला येईल ते. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं की समोरचा दुसऱ्याच पुस्तकातून बोलतोय.

त्यात मराठी शब्दाने भर घातली. ‘कायदेशीर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सरकार, कोर्ट, तलाठ्याचा दाखला. म्हणजे ज्याची सत्ता त्याचा कायदा, आणि लॉफुल पात्राने तो पाळायचा. मूळ कल्पनेत हे बंधन नाही. लॉफुल माणूस शब्दाला, रीतीला, व्रताला, घराण्याच्या नेमाला बांधलेला असू शकतो आणि जुलमी राजाशी उघड वैरही धरू शकतो. ‘अराजक’नेही तसंच नुकसान केलं. त्या शब्दात राजा नसणं आहे, स्वतःचा विवेक असणं कुठेच नाही. ‘गोंधळ’ हा पर्यायही कधीतरी सुचवला गेला होता. पण आपल्याकडचा देवीचा गोंधळ घेतला तर चौक, दिवटी, संबळ, आवाहन, सगळं क्रमाने. त्याहून नेमाचं दुसरं काय असणार?

तिसरी गोष्ट पॅलाडिनच्या शपथेतली. त्याची शपथ ‘डिव्होशन’ची, आणि तिच्यात दिलेला शब्द पाळा, दुर्बळांचं रक्षण करा, आणि ज्यांचा अधिकार न्याय्य आहे त्यांची आज्ञा माना, ही तिन्ही कलमं शेजारी-शेजारी आहेत. ‘न्याय्य’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. किल्लेदाराचा अधिकार न्याय्य आहे का, हा प्रश्न निकालाच्या आधी कुणी विचारलाच नाही.

कोणते पर्याय समोर होते

दोन आठवडे फोनवर चर्चा चालली. पर्याय पाच निघाले.

निकाल कायम ठेवून प्रायश्चित्ताची मोहीम खेळायची, हा सरांचा पहिला कल. फायदा एवढाच की डीएमचा शब्द राहतो. पण पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडून स्माइट आणि उपचार काढले तर उरतो चिलखत घातलेला कमजोर फायटर, आणि तोही चार-पाच सेशन, म्हणजे दोन-अडीच महिने. एका गप्प राहण्याची ही किंमत फार झाली.

दुसरा पर्याय रात्रीचा सगळा प्रसंग पुसून टाकायचा. यावर चोरटी आणि ड्रुइड नाराज होणार हे उघड होतं. त्यांनी किलो मोजून बेत रचला होता.

तिसरा, अलाइनमेंटचा रकाना खोडून टाकायचा. हा मार्ग आज अनेक टेबलं घेतात आणि पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळानेही २०२३ च्या सुधारित नियमांत अलाइनमेंट काढून त्या जागी पात्राने काय करावं आणि काय कधीच करू नये याच्या छोट्या याद्या दिल्या. फायटरचं मत याच बाजूचं. पण पॅलाडिनने स्वतः विरोध केला. त्याला बंधन नको नव्हतं असं नाही. आपलं बंधन काय आहे हे त्याला आधी कळायला हवं होतं.

चौथा, १९७४ सारख्या तीनच बाजू ठेवायच्या. युद्धाच्या कथेत हे छान चालतं, दुष्काळाच्या कथेत नाही, म्हणून लवकरच बाजूला पडला.

पाचवा पर्याय ड्रुइडने मांडला: शब्द बदला, रकान्याऐवजी प्रत्येकाने आपलं बंधन स्वतःच्या वाक्यांत लिहा, आणि शिक्षेआधी इशारा हवा. शेवटी हाच घेतला, दुसऱ्या पर्यायातला एक तुकडा जोडून.

काय केलं

नवीन सेशन झिरो (खेळाआधी सगळं ठरवायची बैठक) ठेवला, दीड तासाचा, फासे न काढता. आधी शब्द ठरले. लॉफुलला ‘नेमाचा’, केऑटिकला ‘मोकळा’. ‘नेमाचा माणूस’ आपण सहज म्हणतो आणि त्यात पोलीस-कोर्ट येत नाही. ‘मोकळा’मध्ये बेतालपणा येत नाही. चांगलं-वाईट हा अक्ष तसाच ठेवला.

मग प्रत्येकाने पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली, प्रत्येकी एकच वाक्य. नेमाच्या पात्राला प्रश्न असे: मी कुणाला किंवा कशाला बांधलेला आहे? कशापुढे हा बंध सैल होतो? मोडलाच तर मी आपणहून काय करीन? मोकळ्या पात्राला: कशावर मला कुणाचीही आज्ञा चालत नाही? ही मोकळीक कुणासाठी? आणि कुठे मी कुणी न सांगता थांबतो?

चोरटीने तिसऱ्या प्रश्नाला वीस मिनिटं घेतली. शेवटी तिच्या कार्डावर आलं: “भुकेल्याच्या आड येणारं कुलूप मी मानत नाही. ही मोकळीक ज्यांना हात नाहीत त्यांच्यासाठी. सोबत्याच्या पिशवीला हात लावत नाही.” पोशनचं भांडण तिथल्या तिथे मिटलं. सोबत्यांकडून चोरी करणं हा अलाइनमेंटचा प्रश्नच नव्हता. ती खेळाडूंची आपसातली संमती होती आणि पात्राच्या स्वभावाआड ती लपली होती.

इशाऱ्याची पद्धत तीन पायऱ्यांची ठरली. पात्र बंधाच्या काठावर आलं की डीएमने थांबायचं आणि कार्डावरचं वाक्य मोठ्याने वाचायचं. मग किंमत सांगायची: “हे केलंस तर अमुक जाईल.” मग खेळाडूला बेत बदलायची मुभा द्यायची. तिन्ही झाल्याशिवाय शिक्षा नाही.

शिक्षाही हलकी केली, आणि त्यासाठी नवीन काही शोधावं लागलं नाही. २०१४ च्या पुस्तकात शपथ मोडणाऱ्या पॅलाडिनसाठी वेगळी चौकटच आहे: पश्चात्ताप असेल तर आपल्याच धर्माच्या क्लेरिककडे किंवा आपल्याच पंथाच्या पॅलाडिनकडे कबुली, रात्रभर प्रार्थनेत जागरण, किंवा उपास. वर्ग सोडावा लागण्याची वेळ येऊ शकते ती जाणूनबुजून मोडून वर पश्चात्तापही नसेल तेव्हाच. हे पान टेबलावर असलेल्या पुस्तकातच होतं आणि त्या रविवारी कुणी उघडलं नाही. उपास आणि जागरण हे खानदेशातल्या कुठल्याही घरात समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी प्रसंग पुन्हा खेळला, पण थोडाच. रात्र तशीच ठेवली. पोती गेली ती गेली. फक्त सकाळचा किल्लेदाराचा प्रश्न पुन्हा विचारला. सरांनी आधी कार्ड वाचलं: “मी दिलेल्या शब्दाला बांधलेला आहे. शब्दामुळे निरपराध मरत असेल तर बंध सैल होतो. मोडायचाच तर ज्याला दिला त्याच्या तोंडावर परत घेईन.” मग किंमत सांगितली: दस्तक जाईल.

निष्पत्ती

पॅलाडिनने किल्लेदारासमोर दस्तक ठेवलं आणि म्हणाला, “पोती गेली ती मी बघितली. कुणी नेली ते सांगणार नाही. माझा शब्द मी परत घेतो, तुमचं दस्तक तुम्ही घ्या. आजपासून मी पेव उघडायला आलो तर दिवसाढवळ्या येईन.” बोलून झाल्यावर खेळाडूने कागदाचं ते दस्तक खरोखरच सरांच्या हातात दिलं. सरांनी ते घडी घालून आपली टिपणं झाकायच्या पडद्यामागे ठेवलं.

या एका वाक्यात या टेबलाला नेमाच्या आणि मोकळ्याच्या मधला फरक पहिल्यांदा दिसला. चोरटीला आणि पॅलाडिनला दोघांनाही ज्वारी गावात पोचवायचीच होती. एक रात्री गेली, कुणाला न विचारता. दुसऱ्याने आधी देणं-घेणं फेडलं, मग हात घालायला निघाला. नेम पाळणं म्हणजे आज्ञा पाळणं नव्हे. नेमाचा माणूस बंध तोडतो तेव्हा सांगून तोडतो आणि त्याची भरपाई स्वतः सोसतो.

भरपाई खरी होती. घाट बंद झाल्यामुळे चौघांना सातपुड्यातून आठ दिवसांचा वळसा पडला, म्हणजे चौघांचा मिळून ३२ दिवसांचा शिधा, आणि त्यांच्याकडे निम्माही नव्हता. गप्प राहिल्याबद्दल पॅलाडिनने आपणहून एक रात्र जागरण घेतलं. सरांनी त्या रात्रीची लाँग रेस्ट (शक्ती भरून काढणारी झोप) त्याला दिली नाही, एवढंच.

किल्लेदाराचंही कार्ड झालं, आणि तिथे चर्चा रंगली. थाळनेरचा इतिहास टेबलावर माहीत होता. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज थाळनेरला आली तेव्हा किल्ल्यावरून प्रतिकार झाला. किल्लेदाराला फासावर चढवलं. मालकाने कागदावर किल्ला देऊन टाकल्यावर दार न उघडणारा माणूस नेमाचा की बंडखोर? इंग्रजांनी बंडखोर ठरवला. कार्डाच्या पहिल्या प्रश्नाने, ‘कुणाला बांधलेला?’, उत्तर उलटंही येऊ शकतं. खेळातल्या किल्लेदाराच्या कार्डावर सरांनी लिहिलं की तो वहीला बांधलेला आहे: जे वहीत चढलं ते देणार, नाही चढलं ते नाही. असा शत्रू टेबलाला हाताळता येतो. पुढच्या दोन सेशनांत चोरटीचं सगळं लक्ष त्या वहीवर गेलं.

सगळंच जुळलं असं नाही. फायटर एका सेशनला आला आणि मग त्याने टेबल सोडलं. कार्डं म्हणजे खेळात गृहपाठ आणणं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. मारामारीसाठी येणाऱ्या खेळाडूला या पद्धतीत फारसं काही मिळत नाही. त्याची पोशन दोन महिने गेली आणि कुणी दखल घेतली नाही, हे दुखणं कार्डाने भरलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी, फासा. स्टेल्थ टाकू दिला असता तर पॅलाडिनला बहुधा काहीच दिसलं नसतं आणि सकाळी त्याने दिलेलं उत्तर पूर्ण खरं ठरलं असतं. खेळाडूला पेचात टाकायचा मोह प्रत्येक डीएमला होतो. पण ज्या पेचाची शिक्षा होणार आहे, तो नियमाने आलेला हवा. दोघांनी वजनं मोजून, मंत्राचा काळ धरून बेत केला आणि तो एका वाक्याने उघडा पडला, हे चोरटीलाही लागलं होतं. तिने ते महिन्याभराने सांगितलं.

पोशनची पहिली चोरी झाली त्याच दिवशी पाच मिनिटं थांबून बोलायला हवं होतं. तीन सेशन ‘तिचं पात्रच तसं आहे’ म्हणून सोडून दिल्यावर चौथ्यांदा त्याच न्यायाने पॅलाडिनला बांधणं कुणालाही अन्यायच वाटणार.

शीटचं भाषांतर करताना मोठ्या संकल्पनांचे शब्द एकट्याने ठरवू नयेत. हिट पॉइंट, आर्मर क्लास यांना काय म्हणता याने खेळ बिघडत नाही. अलाइनमेंट, शपथ, वर्गांची नावं यांना नाव देताना चौघांना विचारावं, आणि त्या शब्दाने घरच्या माणसाला काय समजतं तेही एकदा पाहावं.

ड्रुइडचं कार्ड मात्र अजून अर्धं आहे. तो न्यूट्रल आहे, म्हणजे नेमाचाही नाही आणि मोकळाही नाही, आणि नेमाच्या किंवा मोकळ्याच्या तीन प्रश्नांपैकी कुठलेही त्याला नीट बसत नाहीत. पहिल्या ओळीवर त्याने लिहिलंय, “पाऊस पडेपर्यंत मी गावाच्या बाजूला.” पाऊस पडल्यावर काय, ते त्याने लिहिलेलं नाही. सरांनी तो कागद तसाच ठेवला आहे आणि खेळातल्या आभाळात आता ढग आणले आहेत.